कोमट ओढ्यातला ट्राउट: कधी सोडायचा आणि कधी घरी न्यायचा

ट्राउट म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं, मनालीची बियास आठवते, आणि अमेरिकेत आल्यावर कोणीतरी माँटाना नाहीतर कोलोरॅडोचे फोटो दाखवतं. अटलांटासारख्या ठिकाणी, जिथे जुलैमध्ये दुपारी अंगणात उभं राहवत नाही, तिथे ट्राउट मिळतो हे ऐकून लोक बघतच राहतात. पण मिळतो. अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या पट्ट्यात आपली मराठी मंडळी भरपूर आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत ट्राउटचं पाणी आहे, फक्त ते कसं चालतं हे समजून घ्यावं लागतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, मुख्यतः जॉर्जियासाठी, शेवटी थोडं टेक्सास आणि कॅरोलायनावाल्यांसाठी.

आधी मूळ गोष्ट. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. रेनबो ट्राउट १० ते १६ अंश सेल्सियसला, म्हणजे साधारण ५० ते ६० फॅरनहाइटला खूश असतो, खातो, जोरात ओढतो. २० अंशाच्या म्हणजे ६८ फॅरनहाइटच्या वर गेलं की त्याला त्रास व्हायला लागतो आणि २५ च्या आसपास तो मरतो. कारण दुहेरी आहे, पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो (१० अंशाला लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर असतो, २५ अंशाला ८ च्या जरासा वर) आणि त्याच वेळी माशाच्या शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. आपल्या सह्याद्रीतले बहुतेक ओढे उन्हाळ्यात आटूनच जातात म्हणून तिथे हा प्रश्नच आला नाही, दक्षिणेत मात्र निलगिरीच्या उंच भागात इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास अव्हॅलांच नावाच्या ठिकाणी हॅचरी (मासे वाढवायचं केंद्र) काढून ट्राउट वाढवला, तिथली उंची आणि गारवा होता म्हणून ते जमलं.

जॉर्जियात मूळचा म्हणावा असा एकच, ब्रूक ट्राउट, तोही डोंगरात अगदी वरच्या छोट्या ओढ्यांमध्ये. रेनबो पॅसिफिकच्या बाजूचा, ब्राउन युरोपातून आलेला. खाली जे ओढे आहेत ते हिवाळ्यात ट्राउटला चालतात आणि उन्हाळ्यात नाही चालत. मग राज्याचं मत्स्य खातं काय करतं, हॅचरीत मासे साधारण वीतभर म्हणजे ९-१० इंच होईपर्यंत वाढवतं आणि ट्रकच्या टाकीतून आणून ओढ्यात सोडतं. ह्या सोडण्याचं कॅलेंडर आणि पाण्याचं टेंपरेचर ह्या दोन गोष्टी कळल्या की बाकीचं सगळं सोपं आहे, रॉड कुठला आणि गळ कुठला हे नंतरचं.

पाणी तीन प्रकारचं असतं आणि कुठल्या पाण्यावर आपण उभे आहोत हे आधी माहीत पाहिजे.

पहिलं, साधे स्टॉक केलेले ओढे. उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात रॉक क्रीक, कूपर क्रीक, डिक्स क्रीक, टलूला नदी, वाइल्डकॅट क्रीक असे बरेच आहेत. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथे वरचेवर मासे सोडतात. रॉक क्रीकच्या काठावर तर फेडरल सरकारची हॅचरीच आहे, सुचेस गावाजवळ, पोरांना घेऊन गेलात तर टाक्यांमधले मासे बघता येतात. इथे दिवसाला एका माणसाला ८ ट्राउट न्यायची परवानगी आहे आणि गांडूळ, मक्याचे दाणे, पॉवरबेट (बाटलीत मिळणारं तयार आमिष) सगळं चालतं, जिवंत मासा मात्र आमिष म्हणून चालत नाही.

दुसरं, डिलेड हार्वेस्ट. हे मला सगळ्यात आवडतं. १ नोव्हेंबर ते १४ मे ह्या काळात ठराविक पट्ट्यांमध्ये मासा पकडून परत सोडायचाच, आणि वापरायचं ते फक्त खोटं आमिष, एका गळाचं. १५ मेपासून तिथे साधे नियम लागू होतात आणि मासे घरी नेता येतात. असे पट्टे थोडेच आहेत: डॉसनव्हिलच्या बाजूला अमिकलोला क्रीक (स्टील ब्रिज रोडपासून हायवे ५३ पर्यंत), हेलनजवळ युनिकॉय स्टेट पार्कातला स्मिथ क्रीक, टोकोआ नदीचा एक तुकडा, साउथ कॅरोलायनाच्या सीमेवरची चटूगा, आणि चक्क अटलांटा शहरात चॅटाहूची नदी, सोप क्रीकच्या मुखापासून कॉब पार्कवेच्या पुलापर्यंत. हेलनला आपण सगळे ऑक्टोबरमध्ये पानं बघायला जातो, ॲना रुबी धबधबा बघून येतो, त्याच रस्त्यावर हा स्मिथ क्रीक लागतो आणि थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर लागला की, तिथे ट्राउट असतो.

तारखा अशाच का, तर नोव्हेंबरात पाणी ट्राउटला पुरेसं गार झालेलं असतं आणि मेच्या मध्यानंतर ते तापायला लागतं. म्हणजे हिवाळाभर एकच मासा दहा जणांना खेळायला मिळावा आणि उन्हाळा त्याला मारणार त्याच्या आधी तो कोणाच्या तरी ताटात जावा, असा साधा हिशोब आहे. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते.

आणि तिसरं, धरणाखालचं पाणी, ज्याला टेलवॉटर म्हणतात. ब्यूफर्ड धरण १९५६ मध्ये पुरं झालं, लेक लेनियर भरला, आणि धरणातून पाणी सुटतं ते तलावाच्या तळातून. तळाचं पाणी बारा महिने गार, त्यामुळे खाली चॅटाहूचीत भर जुलैतसुद्धा १० अंशाच्या आसपासचं पाणी वाहतं आणि मैलोन्‌मैल ट्राउट जगतो. रेनबो सोडलेले असतात पण ब्राउन ट्राउट इथे आता स्वतःच अंडी घालून वाढतो. राज्याचा ब्राउनचा रेकॉर्ड, २० पौंड १४ औंस, २०१४ मध्ये ह्याच नदीतून निघाला. एक मात्र लक्षात ठेवा, शरद ऋतूच्या शेवटी तलावाच्या तळाशी ऑक्सिजन संपत आलेला असतो आणि धरणाजवळचं पाणी गढूळ, हिरवट-तपकिरी दिसतं, तेव्हा मासे सुस्त असतात. अशा दिवसांत धरणाच्या पायथ्याशी न थांबता खाली जा, खळाळातून येता येता पाण्यात हवा मिसळते आणि मासे बरे होतात.

आता ह्या तीन पाण्यांवरून माझं मत, आणि ह्यावर इथल्या मासेमारांमध्येही वाद होतो. काही लोकांना वाटतं मासा सोडणं म्हणजे नेहमीच पुण्याचं काम आणि घरी नेणं म्हणजे हावरटपणा. थंड पाण्यात ते बरोबर आहे. पण मेच्या अखेरीस साध्या खालच्या ओढ्यात, पाणी २१-२२ अंशाला पोचलंय, आणि तुम्ही मासा दमवून दमवून काठावर आणला, फोटो काढला आणि सोडला, तर तो पोहत जाताना दिसतो आणि थोड्या वेळाने खालच्या डोहात उलटा होतो. तो तसाही ऑगस्ट बघणार नव्हता. अशा पाण्यातला मासा लिमिटमध्ये राहून घरी न्या आणि मनापासून खा, आणि लिमिट झालं की गळ गुंडाळा, गंमत म्हणून पकडत राहू नका. उलट जानेवारीत डिलेड हार्वेस्टच्या पाण्यात सोडलेला मासा पुढे कितीतरी जणांना आनंद देणार असतो, तिथे तो नीट जपून सोडणं हे आपलं कामच आहे. म्हणून पहिली खरेदी थर्मामीटर. ट्राउटसाठी दोरीला बांधायचा छोटा मिळतो, स्वस्त असतो, उतरल्या उतरल्या पाण्यात मिनिटभर बुडवून बघायचं. पाणी सगळ्यात गार सूर्य उगवताना असतं आणि सगळ्यात तापलेलं संध्याकाळी चार-पाचच्या पुढे, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळचं १८ म्हणजे संध्याकाळचं २१ असू शकतं हे धरून चला.

लायसन्सचं पटकन. १६ वर्षांपासून पुढे सगळ्यांना जॉर्जियात मासेमारीचं लायसन्स लागतं आणि त्यावर ट्राउटचं वेगळं, दोन्ही फोनवरून पाच मिनिटांत निघतात. गावाहून आई-बाबा आलेत आणि त्यांनाही रॉड धरायचाय तर त्यांचं थोड्या दिवसांचं काढा, बाहेरच्यांसाठी तशी सोय आहे. ट्राउटच्या ओढ्यात एका माणसाने एकच रॉड वापरायचा, तोही हातात धरून. डिलेड हार्वेस्टच्या काळात पॉवरबेटची बाटली नुसती खिशात असली तरी नियम मोडतो, गाडीतच ठेवून या. हायवे २० पासून मेडलॉक ब्रिजपर्यंतच्या चॅटाहूचीत तर वर्षभर फक्त खोटं आमिष चालतं, आणि हा मेडलॉक ब्रिज म्हणजे जॉन्स क्रीकवाल्यांचा अगदी घराजवळचा, तेव्हा तिथे गांडूळ घेऊन जाऊ नका. डोंगरातले बरेच ओढे खाजगी जमिनीतून जातात, पाटी दिसली की मागे फिरा. नियम दरवर्षी बदलू शकतात, जायच्या आधी चालू वर्षाचं पुस्तक उघडून त्या ओढ्याची ओळ वाचाच.

सामान फार लागत नाही. सुरुवातीला फ्लाय (पिसं-दोऱ्याचा खोटा किडा) टाकायच्या रॉडच्या मागे लागायची गरज नाही. साडेपाच-सहा फुटी अल्ट्रालाइट स्पिनिंग रॉड, छोटं रील, ४ पौंडाची लाइन. लाइन जाड घेतली की मासा ती बघतो आणि हलका स्पिनर (फिरत्या पात्याचं खोटं आमिष) लांब जातही नाही, हे दोन्ही तोटे. स्पिनर १/१६ औंसाचे घ्या, रूस्टर टेल, पँथर मार्टिन, मेप्स, कुठलाही, एक सोनेरी एक काळा पुरे. ते येतात तीन टोकांच्या गळाचे, डिलेड हार्वेस्टला जायचं तर घरीच पक्कडीने तो काढून एकेरी गळ लावा आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा दाबून सपाट करा. काटा दाबला की मासे निसटतात असं लोक म्हणतात, पण लाइन ताणलेली ठेवली तर फारसे नाही निसटत, आणि सोडताना गळ नुसता मागे सरकवला की निघतो, माशाचं तोंड फाटत नाही.

ज्यांना फ्लाय करायचंय त्यांनी ९ फुटी ५ वेट रॉड घ्यावा, ५एक्सचा टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा), आणि वर इंडिकेटर (तरंगणारी खूण). इंडिकेटर पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर लावायचा म्हणजे फ्लाय तळाजवळून जाते. आणि ती फ्लाय पाण्याच्या वेगानेच वाहिली पाहिजे, लाइनने ओढली जात असेल तर मासा बघून सोडून देतो. ही एक गोष्ट जमली की अर्धं काम झालं.

आता मासा कुठे असतो. नुकता सोडलेला मासा ट्रकजवळच असतो, म्हणजे जिथे रस्ता ओढ्याला भिडतो तिथे, पुलाखाली, पार्किंगच्या समोरच्या डोहात. टाकीत सगळे एकत्र वाढलेले असतात म्हणून इथेही थवा करून उभे राहतात, एक मिळाला की तिथेच थांबा. पहिले काही दिवस त्याला ओढ्यातलं खाणं म्हणजे काय हे माहीत नसतं, त्याने जन्मभर गोळ्या खाल्लेल्या, त्यामुळे चमकणारं, रंगीत, अंड्यासारखं दिसणारं काहीही तो तोंडात घेतो. मग दोन-तीन आठवडे गेले, एखादा मोठा पाऊस होऊन पाणी वाढून गेलं, की चित्र बदलतं. मासे पांगतात, ओढ्यातल्या अळ्या-किडे खायला शिकतात, माणसाची सावली बघून लपतात. तेव्हा छोट्या फ्लाय, १६-१८ नंबरच्या फेजंट टेलसारख्या, काळा वूली बगर, आणि पार्किंगपासून पंधरा-वीस मिनिटं चालायची तयारी पाहिजे. फेब्रुवारी-मार्चमधले असे हुशार झालेले मासे पकडायला मला नोव्हेंबरपेक्षा कितीतरी जास्त मजा येते. मासे कुठल्या आठवड्यात कुठे सोडले ह्याची यादी राज्याचं खातं काढतं, ती जरूर बघा, पण फक्त तिच्या मागे धावलात तर दर वेळी गर्दीतच उभे राहाल.

ओढा वाचताना बघायचं की जोरात वाहणारी धार संपून पाणी जिथे हळू होतं ती कड कुठे आहे. मासा हळू पाण्यात उभा राहतो, शेजारच्या धारेतून वाहत आलेलं खाणं उचलतो. मोठ्या दगडाच्या मागे, डोहाच्या तोंडाशी, झाडाची मुळं पाण्यात आली असतील तिथे. स्पिनर वरच्या दिशेला तिरका टाका आणि पाण्यापेक्षा किंचित जास्त वेगाने रील फिरवा, पातं फिरतंय हे हाताला कळतं, कळेनासं झालं म्हणजे वेग कमी पडला. हिवाळ्यात पाणी ७-८ अंशाला असलं की मासा लांब पळत येत नाही, आमिष त्याच्या तोंडासमोर हळू न्यावं लागतं आणि सकाळपेक्षा दुपारी दोन ते चार बरी. एप्रिलमध्ये हेच उलटं, सकाळीच जा.

साध्या ओढ्यात पोरांना घेऊन गेलात तर पॉवरबेटच उत्तम. पॉवरबेट तरंगतं, म्हणून गळाच्या वर वीतभर-दीड वीत अंतरावर छोटं शिसं दाबून लावायचं, शिसं तळाला बसतं आणि आमिष तळापासून जरा वर राहतं, बरोबर माशाच्या नजरेत. पण आमिषाचा गळ मासा बहुतेक वेळा गिळतो, आणि गिळलेला गळ ओढून काढला तर मासा वाचत नाही. म्हणून आमिष वापरायचं ते खायचे मासे धरायलाच. त्यातूनही एखादा सोडायची वेळ आली तर लाइन तोंडाजवळ कापा, गळ आत राहू द्या, तशा माशाला वाचायची संधी असते.

सोडायचं असेल तर हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते. जाळी रबराची घ्या. मासा जाळीत पाण्यातच ठेवून गळ काढा, फोटोसाठी उचलायचा तर फोनवाला तयार आहे हे बघून मगच, आणि दहा सेकंदांत परत पाण्यात. कल्ल्यांमध्ये बोट घालायचं नाही, पोट आवळायचं नाही. मग तोंड प्रवाहाकडे करून हलका धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून निघून जातो, ढकलायची गरज नाही.

धरणाखालच्या नदीबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो कारण आपली माणसं नवीन असतात आणि नदी शांत दिसते. ब्यूफर्ड धरणातून वीज करण्यासाठी पाणी सोडतात तेव्हा काही मिनिटांत नदी कित्येक फूट चढते. भोंगा वाजतो, पण तो फक्त धरणाजवळ, मैलभर खाली तुम्हाला ऐकू येईलच असं नाही, आणि तेच पाणी काही तासांनी खाली मेडलॉकला पोचतं. जायच्या आधी पाणी सोडायचं वेळापत्रक बघा, फोनवरही ऐकायला मिळतं, आणि नदीत उभे असताना काठावरचा एखादा दगड खुणेला धरा, तो बुडायला लागला की मासा गळाला असला तरी बाहेर या. धरणापासून हायवे २० च्या पुलापर्यंत लाइफ जॅकेट अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे, मी तर म्हणतो त्याच्या खालीही घाला. पाणी जुलैतही इतकं थंड असतं की पडलात तर हातपाय लगेच काम करेनासे होतात. वेडर्स (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची पँट) घालणार तर कमरेचा पट्टा घट्ट बांधल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नका.

घरी नेणार असाल तर बर्फाचा डबा बरोबर हवाच. दोरीला बांधून कोमट पाण्यात तासन्‌तास ठेवलेला मासा घरी येईपर्यंत मऊ पडतो. पकडल्यावर लगेच मारा, पोट चिरून आतडी काढा, कण्याच्या कडेने जी काळपट रक्ताची रेघ असते ती अंगठ्याच्या नखाने खरवडून धुवा, कडवटपणा तिथूनच येतो. खवले इतके बारीक की काढायची गरज नाही. चवीला ट्राउट आपल्या बांगड्यापेक्षा खूप सौम्य, त्यामुळे चिंचेच्या जाड तिरफळाच्या कालवणात तो हरवून जातो. अख्खा ठेवून दोन्ही बाजूंना चिरा द्या, हळद, मीठ, थोडं तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास, मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून कमी तेलात मध्यम आचेवर. झाला की शेपटीकडून कणा उचला, बहुतेक काटे एकत्र निघून येतात, पोरांनाही देता येतो.

टेक्सासवाल्यांसाठी गणित जवळपास तेच. डिसेंबर ते मार्च राज्याचं खातं गावोगावच्या पार्कातल्या तळ्यांमध्ये रेनबो सोडतं, डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन सगळीकडे, आणि बहुतेक ठिकाणी दिवसाला ५ न्यायची परवानगी आहे. ही तळी उन्हाळ्यात इतकी तापतात की एकही ट्राउट टिकत नाही, तेव्हा तिथला मासा बिनधास्त घरी न्या. अपवाद ग्वाडलूप नदीचा, कॅन्यन धरणाच्या खाली, तिथे तळाचं गार पाणी येतं म्हणून मासे उन्हाळाही काढतात आणि काही पट्ट्यांचे नियम वेगळे आहेत, ते वाचून जा. नॉर्थ कॅरोलायनात डिलेड हार्वेस्ट १ ऑक्टोबरला सुरू होऊन जूनच्या पहिल्या शनिवारपर्यंत चालतं, म्हणजे शार्लटवाल्यांना आमच्यापेक्षा महिनाभर आधी सुरुवात करता येते. आणि टेक्सासात १७ च्या खालच्या पोरांना लायसन्स लागत नाही, शिवाय स्टेट पार्कच्या आत काठावरून गळ टाकणाऱ्या मोठ्यांनाही लागत नाही, त्यामुळे ख्रिसमसच्या सुट्टीत ज्या स्टेट पार्कात ट्राउट सोडलाय तो यादीतून शोधा, एक रॉड आणि पॉवरबेटची बाटली घ्या आणि पोरांना घेऊन जा.